बटणाचा डावा डोळा

१२ फेब्रुवारी

दवाखान्यातून एक छापील तक्ता दिलाय, रोज किती तास पट्टी लावली ते भरायला. प्रत्येक तारखेपुढे इवलीशी चौकट. तेवढ्यात माझं काय मावणार? म्हणून ही वही काढली. पहिल्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं आहेत, ती राहू देत तशीच.

आज भाऊ बटणला सोडून गेला. बटण म्हणजे माझी भाची. जन्मली तेव्हा एवढीशी, गोल, गालाला मधोमध खळी. मी शिंपीण, मला दुसरं काय सुचणार? आता घरीदारी सगळे तिला बटणच म्हणतात. वय सात वर्षं तीन महिने. शाळेत डोळे तपासणारे आले होते. त्यांनी तिचा उजवा डोळा झाकला, तर ही विचारते, "तक्ता काढून घेतला का?" तक्ता समोरच होता. सात वर्षं आम्हा कुणाला कळलं नाही, कारण उजव्याने सगळं सांभाळून घेतलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. डाव्या डोळ्याचा नंबर मोठा आहे, पण चष्मा दिला तरी तो लगेच बघायला लागणार नाही. त्याला बघायची सवयच नाही, मेंदू उजव्याचंच ऐकत आलाय. उजवा रोज सहा तास झाकायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. ह्याला आळशी डोळा म्हणतात. बटणला ते आवडलं नाही. मला मात्र लगेच पटलं. घरात एक कामसू असला की दुसरा लोळतो, हे मला डॉक्टरांनी सांगायला नको, मी आणि भाऊ एकाच घरात वाढलोय.

आठ वर्षांच्या आत जेवढं कमावू तेवढं खरं, असंही म्हणाले. नंतर अशक्य नाही, पण डोळा हट्टी होत जातो. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत.

भाऊ रस्त्याच्या कामावर, तिथून डोळ्यांचा दवाखाना सात तासांवर. वहिनीच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ. म्हणून बटण माझ्याकडे. सकाळी इथल्या शाळेत जाईल, दुपारी एक ते सात पट्टी. मला एकटं राहायची सवय आहे, एकोणीस वर्षांची. थोडे महिने गडबड सोसू.

१५ फेब्रुवारी

चिकटपट्टी लावून, वर चष्मा घालून बसली की ती जणू दुसरीकडे जाते. आज मशीनपाशी खाली बसली होती. मी विचारलं, काय दिसतं? खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं आहे आत्या, पण कुणी कापलेलं नाहीये. एकमेकांना चिकटलेलं आहे."

म्हणजे कडा नाहीत. दुकानातला पुतळा, ज्यावर मी कपडे चढवून बघते, तो तिला एक उंच बाई वाटतो, जी आत्ता मागे वळेल असं वाटतं आणि वळत नाही. आरसा म्हणजे भिंतीतलं तळं. खिडकीतून ऊन येतं ते जमिनीवर सांडलेलं, आणि मी त्यात पाय घालून बसलेली.

ह्या दुनियेला तिने नाव ठेवलंय, पलीकडचं. एक वाजला की, "आत्या, मी पलीकडे चालले."

मीही चष्मा काढून बघितलं. जवळचं सगळं विरघळलं. सुई, दोरा, माझेच हात. पाच मिनिटं दोघी तशाच बसलो. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी दचकले.

१८ फेब्रुवारी

तिला भिंतीचा, खुर्चीचा, दाराच्या कोपऱ्याचा सगळ्यांचा मार खाऊन झाला. दुधाचा पेला टेबलाच्या बाहेर ठेवला. रडली नाही. पेल्यालाच रागावली.

२१ फेब्रुवारी

चिकटपट्टीने डोळ्याभोवती लालभडक पुरळ. काढताना भुवईचे केस निघतात आणि ती दात आवळून बसते. मला बघवत नाही.

दवाखान्यात फोन केला. तिथे डोळ्यांचे व्यायाम घेणाऱ्या बाई आहेत, त्यांना मी मनातल्या मनात व्यायामबाई म्हणते. त्या म्हणाल्या, चष्म्याच्या काचेवर चढेल अशी कापडी पट्टी शिवली तरी चालेल, बाजूने नाकाशी फट नको आणि आरपार काही दिसता कामा नये.

मी म्हटलं, बाई, शिवण्याचं मला सांगू नका.

२३ फेब्रुवारी

शिवली! गडद निळी मलमल, एका रेशमी झग्याच्या आत लावून उरलेली. तिच्याइतकं मऊ कापड माझ्याकडे दुसरं नाही. आतून शिवण येऊ दिली नाही, कानाकडे पंख्यासारखी बाजू काढली, नाकाशी छोटी चुणी घातली. आरपार दिसतं का ते आम्ही शिंपी लोक बघतो तसं बघितलं. खाली तळहात धरला. तळहात दिसला नाही, एक रेघसुद्धा. हात लांब करून भिंतीसमोर धरली. मागचं काही नाही, नुसतं निळं. झालं.

बटणने घातली आणि आरशासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे वळून बघितलं, बराच वेळ. विचारलं, "आत्या, ही अशीच घालायची?"

"अशीच. टोचते का?"

"नाही," म्हणाली. "खूप छान आहे." आणि येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. गळ्यात पडणारी पोर नाही ती.

२७ फेब्रुवारी

चार दिवसांत केवढा फरक! दाराला धडकत नाही. पेला टेबलावर, मधोमध. पुरळ गेलं. मण्यांची माळ ओवायला दिली होती, अर्ध्या तासात ओवली, एक निळा एक पांढरा, कुठेही चुकली नाही. भावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुझ्या हाताला यश आहे." मी वरवर नको नको म्हटलं.

९ मार्च

शेजारचे घड्याळवाले काका संध्याकाळी येतात चहाला. आयुष्यभर एका डोळ्यात भिंग घालून बसले, त्यामुळे बटणला ते आपल्या पंथातले वाटतात. काका म्हणतात, "चाळीस वर्षं मी एकाच डोळ्यावर पोट भरतोय, तुला काय झालं?"

आज त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून बटण टेबलाच्या पलीकडून म्हणाली, "काका, तुमचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाच्या चार मिनिटं मागे आहे."

काकांनी चहा खाली ठेवला. मनगट बघितलं, भिंत बघितली. मग मला हळूच म्हणाले, "पट्टी नक्की उजव्या डोळ्यावरच आहे ना?"

मला राग आला. डावं-उजवं शिंपिणीला शिकवतात! बाह्या उलट्या लावल्या असत्या तर आजवर दुकान चाललं असतं का? तसं बोलूनही दाखवलं. काका हसले आणि विषय बदलला. लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, चहा फुकट प्यायला मिळाला तरी.

बटण मात्र गप्प झाली होती. नंतर घड्याळांबद्दल ती काही बोलली नाही.

२४ मार्च

एकच चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. ती पलीकडच्या गोष्टी सांगेनाशी झाली होती. आज मीच विचारलं, "हल्ली पलीकडे काय चाललंय गं?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, तिथे एक बाई असते. ती समुद्राच्या तळाशी बसून लाटा शिवते. तिच्याकडे खूप माणसं येतात आणि आपापली लाट घालून जातात. तिच्या डाव्या खांद्यावर पिवळ्या दोऱ्याचा एक तुकडा असतो आणि तिला तो माहीतच नसतो.

मी खांद्यावर हात फिरवला तर खरंच पिवळा दोरा. सकाळपासून पडद्याच्या झालरी शिवत होते. मला कसं नवल वाटलं! म्हणजे धूसर का होईना, आता एवढंसंही त्या डोळ्याला टिपता येतंय. रात्री अंथरुणात त्या लाटा शिवणाऱ्या बाईचाच विचार करत होते. ती एकटी असेल का तिथे, हे बटणला विचारायचं राहिलं.

२ एप्रिल

वहिनीचा फोन. बाळ पालथं पडायला लागलं. मग विचारलं, "ताई, कधीपर्यंत होईल हो?" मी म्हटलं, ते डॉक्टरच ठरवणार. "दहा तारखेला तपासणी आहे ना? बरं निघालं तर मेच्या सुट्टीत घेऊन जाऊ म्हणाले हे."

चांगलंच आहे. मे म्हणजे तसा फार लांबही नाही.

बटण दुपारी पेंगत होती म्हणून आज पट्टी सहालाच काढली. एक तास कमी. तक्त्यात सहा तासच लिहिले. एवढ्या तेवढ्याने काही बिघडत नाही.

१० एप्रिल

अक्षर वेडंवाकडं येतंय.

व्यायामबाईंनी बटणला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या चिकटपट्टीने तिचा उजवा डोळा बंद केला आणि तक्त्याकडे बोट केलं. फेब्रुवारीत वरच्या दोनच ओळी आल्या होत्या. मी मनात पाच धरल्या होत्या, सहासुद्धा. बटणने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग गप्प. बाई म्हणाल्या, खालची? बटण खाली मान घालून बसली.

दोनच. एक ओळही पुढे नाही.

मी म्हटलं, असं कसं होईल, ही मणी ओवते, घड्याळ सांगते! बाईंनी शांतपणे विचारलं, पट्टी आणलीय का? मी पर्समधून काढून दिली, अभिमानाने दिली म्हणायची. त्यांनी ती हातात फिरवली, शिवण बघितली, "किती सुबक शिवलीय" म्हणाल्या. मग स्वतःचा एक डोळा हाताने झाकला, दुसऱ्याला माझी निळी पट्टी अगदी टेकवून लावली आणि तक्त्याकडे तोंड करून वाचायला लागल्या. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवीतली तीन अक्षरं.

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"पातळ कापड लांबून बंद दिसतं," त्या म्हणाल्या. "डोळ्याला टेकलं की उघडं होतं. गडद रंगाचं तर जास्तच."

तीस वर्षं कापड हाताळतेय. बोटांत धरून बघितलं, तळहातावर बघितलं, उजेडात बघितलं. डोळ्याला कधी लावलं नाही, कारण कपडा डोळ्यावर कोण घालतं? सात आठवडे ती उजव्या डोळ्यानेच बघत होती आणि डावा निजलेला होता. आठ वर्षं पुरी व्हायला सात महिने उरलेत, त्यातले सात आठवडे मी शिवणीत घातले.

घरी येताना बटणला विचारलं, "तुला दिसत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, प्रश्नच न कळल्यासारखी. "मला वाटलं तू मुद्दाम तशी केलीस. मला दिसावं म्हणून. तू बाईंना नव्हतं सांगितलंस, म्हणून मी पण नाही सांगितलं."

१२ एप्रिल

भावाला फोनवर म्हटलं, "डॉक्टर म्हणाले अजून थोडे दिवस." अर्धं खरं. अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त बोचतं, हे आज समजलं.

काका चहाला आले. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, मी बोललो होतो ना. तसं म्हणाले नाहीत. पट्टी मागून घेतली, दुकानात भिंग लावतात तशी डोळ्याला लावली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," एवढंच. आणि मग, "मला त्या दिवशी शंका आली होती. तुम्ही रागावलात, मी गप्प बसलो. माझीही चूक झाली."

१४ एप्रिल

वहिनीला खरं सांगितलं. मागून बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं की आता जाड पट्टी शिवणार ना, आणि मी म्हटलं उद्याच, आणि तिने सांगितलं, राहू दे मग तुमच्याकडेच, दुसरीकडे कुठे नेऊ.

फोन ठेवल्यावर कपाटासमोर उभी राहिले. पट्टी शिवली त्या दिवशी इलॅस्टिक किती ताणतं ते बघायला मी ती स्वतःच्या चष्म्यावर चढवली होती, आरशात बघितलं होतं. तेव्हा दोन्ही डोळे उघडे होते, म्हणून कळलं नसणार. की एक मिटला होता? आठवत नाही. खूप आठवून बघितलं, खरंच आठवत नाही.

१५ एप्रिल

नवी पट्टी. बाहेरून काळं पडद्याचं जाड अस्तर, आत दाबलेल्या लोकरीचा नमदा, कडेला कापडी गोठ. ह्या वेळी स्वतःच्या डोळ्याला लावली, दुसरा हाताने दाबून धरला आणि खिडकीत, उन्हात, सूर्याकडे तोंड करून उभी राहिले. मिट्ट काळोख. शेजारच्या बाल्कनीतली बाई माझ्याकडे बघत होती, बघू दे.

बटणने घातली आणि दोन मिनिटांत काढून फेकली.

१९ एप्रिल

घरात युद्ध आहे. ती पट्टी नाकाकडून उचलते, मी दाबते. ती तिरकी मान करून फटीतून बघते, मी मान सरळ करते. आज म्हणाली, "तू आधी चांगली होतीस." मग, "मला आईकडे जायचंय." मग पुतळ्याला लाथ मारली, तीही अंदाजाने, म्हणून पुतळ्याऐवजी इस्त्रीच्या टेबलाला लागली. बोट सुजलं. बर्फ लावताना तिने हात झिडकारला.

सहा तास. एक मिनिट कमी नाही. तक्त्यात सहा लिहिलं आणि ते खरं होतं.

२६ एप्रिल

पलीकडची बाई कुठे गेली विचारलं, तर म्हणते, "ती नव्हतीच. तुला आवडायची म्हणून मी बनवायची. आता मला काहीच दिसत नाही, मी कुठून सांगू?"

सात वर्षांचं पोर मला रमवत होतं. मी म्हणत होते, मी तिला सांभाळते.

४ मे

युक्ती सापडली. एक वाजता तिची पट्टी चढते आणि माझा चष्मा उतरतो. शिलाईचं बारीक काम सकाळी उरकते, दुपारी फक्त उसवायचं आणि घड्या घालायच्या, हाताला येतात तेवढीच कामं. दोघी धुक्यात. एकमेकींना हाका मारत फिरतो. "आत्या, इथे काहीतरी लाल आहे." "लाल की नारिंगी?" "तूच सांग." "मला पण नाही दिसत गं." ती हसते. दोन आठवड्यांनी हसली.

दुपारी पंखा फिरतो, पडदे फुगतात, भिंती आत-बाहेर होतात. रस्त्यावरचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येतात. कधी कधी मलाच कळत नाही की मी जागी आहे की नाही. काल तिने माझ्या हातातला चेंडू समजून माझी मूठ धरली आणि सोडली नाही. तशीच झोपली, पट्टीसकट. झोपेतले तास धरायचे नसतात, म्हणून ते सात वाजल्यानंतर भरून काढले. तेवढी मी आता सुधारलेय.

२९ मे

तीन ओळी आणि चौथीतली दोन अक्षरं. व्यायामबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, बटणच्या नाही! सुट्टीत न्यायचं रद्द झालंय, वहिनी म्हणाली, बाईच म्हणतील तेव्हा.

बटणने घरी येऊन पट्टी स्वतःच चढवली. म्हणाली, "डाव्याला आज बक्षीस दे." डाव्याला आइसक्रीम कसं देणार? तर म्हणे, डावा बघेल, मी खाईन.

११ जून

तिने आज चित्र काढलं, पट्टी घालून. घर, खिडकी, मशीन, मी. माणसाला पहिल्यांदा बोटं काढली, एका हाताला सहा आहेत. मी म्हटलं, शिंपिणीला सहावं बोट मिळालं तर बरंच.

मी चष्मा घालून चित्राकडे खूप वेळ बघत होते. माझ्या चेहऱ्याला डोळे, नाक, तोंड काही नाही. नुसता गोल. विचारलं तर म्हणाली, "ते इथून नाही दिसत."

२ जुलै

पाच ओळी. बाई म्हणाल्या, अशीच घोडदौड राहिली तर ऑगस्टच्या तपासणीनंतर घरी पाठवायला हरकत नाही. मग रोज दोनच तास, ते आई बघेल, वर्षभर डोळा पुन्हा निजू द्यायचा नाही. मी म्हटलं, वा! मोठ्याने म्हटलं. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी वळून बघितलं.

घरी येऊन तिच्यासाठी चार पट्ट्या कापल्या, जाड, वर्षभर पुरतील अशा. एकीच्या आत अस्तराऐवजी मलमल घ्यायला हात गेला. नुसता गेला. मलमल कात्रीने बारीक बारीक कापून टाकली, पुसायची फडकीसुद्धा होणार नाहीत इतकी. चांगलं कापड होतं.

१७ जुलै

दुपारच्या वेळी एक बरं असतं. तिला माझा चेहरा दिसत नाही, म्हणून तो मला नीट ठेवावा लागत नाही. गिऱ्हाइकांसमोर ठेवते, काकांसमोर ठेवते, सात वाजल्यानंतर तिच्यासमोर ठेवते. एक ते सात तो सैल सोडते. डोळ्यांतून आलं तर येऊ देते, आवाज करत नाही, हात चालू असतात. एकोणीस वर्षांत जेवढी रडले नाही तेवढी ह्या महिन्यात रडले असेन. काय गंमत आहे, ज्यासाठी जिवाचं रान केलं तेच होतंय आणि मी रडतेय.

भाऊ आणि वहिनी नऊ ऑगस्टला येणार. तपासणी आठला.

२ ऑगस्ट

दुपारी चारचा सुमार. बटण समोरच्या भिंतीला टेकून खडू मांडत बसली होती, पट्टी घालून. मी मशीनमागच्या खुर्चीत, तिच्या शाळेच्या झग्याची खालची दुमड उसवत होते, उंची वाढलीय म्हणून. चष्मा नव्हता. येत होतं ते येऊ देत होते.

ती म्हणाली, "आत्या, तुझ्या नाकाच्या टोकावर पाणी आहे."

मी हललेच नाही.

"आता पडलं," ती म्हणाली. "झग्यावर. दुसरं येतंय. डाव्या डोळ्यातून."

मी उठून तिच्याकडे गेले. आधी पट्टीच्या कडा चाचपल्या. नाकाशी, भुवईशी, कानाशी. बोटाचं नख जाईल एवढीही फट नव्हती. चष्मा सरळ होता. मान सरळ होती.

"तू रडतेस?" तिने विचारलं.

"हो."

"मी जाणार म्हणून?"

"हो."

तिने विचार केला. मग म्हणाली, "कालपण रडत होतीस. परवापण. पण तेव्हा मला वाटलं, चेहरा नुसता हलतोय. आज कळलं."

मग मी तिला पोटाशी धरलं आणि आवाज करून रडले. तिने माझ्या पाठीवर थोपटलं, वहिनी बाळाला थोपटत असेल तसं.

नंतर तिला परत भिंतीपाशी जिथे होती तिथेच बसवलं, मी खुर्चीत बसले आणि तिला टेपचं टोक धरायला दिलं. तिच्या चष्म्यापासून माझ्या नाकापर्यंत नऊ फूट चार इंच. दोनदा मोजलं. आठ तारखेला बाईंना सांगायला आकडा पक्का हवा.